फोड आणि रस्सा

आजच्या माझ्या भाषणाचा विषय स्वयंपाकघरातला आहे. इटली देशातील डोंगरी खेड्यांत मटणाचा जो दाट, मंद विस्तवावर तासन्‌तास शिजवलेला रस्सा करतात, तो आपल्या घरी कसा करावा, हे मला आज सांगावयाचे आहे. ‘इटालियन’ हा शब्द कानी पडताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ऑलिव्हचे तेल, द्राक्षांची मदिरा, परदेशी पाल्याच्या चिमुकल्या बाटल्या आणि ह्या सर्वांचे भले मोठे बिल उभे राहते. ह्यासाठीच उदाहरण म्हणून मी मुंबई-पुण्याचे स्वयंपाकघर न घेता दुधनीचे घेतले आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या अगदी शिवेवर हे गाव आहे. मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषा तेथील बाजारात सारख्याच सहजतेने बोलल्या जातात. सभोवार काळी जमीन, तीत ज्वारी आणि तूर. आणि बाजारपेठेत तुरीचा मोठा व्यापार. अशा गावातील आठ माणसांचे एक घर आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. त्या घरात जे मिळते, तेवढ्यावर हा पदार्थ होतो की नाही, हे पाहावयाचे आहे. आणि पदार्थ झाल्यावर तो वाढावा कसा, हा दुसरा प्रश्न. माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम ‘इटालियन’ म्हणजे काय, ते पाहू. आज आपण ज्याला इटली म्हणतो, ते एक राष्ट्र म्हणून १८६१ साली उभे राहिले. तोवर तेथे अनेक लहानमोठी राज्ये होती, आणि प्रत्येक प्रांताची चूल वेगळी होती. कोठे लोणी, कोठे चरबी, तर कोठे ऑलिव्हचे तेल. कोठे भात, कोठे गव्हाची रोटी, तर कोठे मक्याची घाटी. पेल्लेग्रीनो आर्तूझी नावाच्या गृहस्थाने ह्या निरनिराळ्या चुलींवरचे पदार्थ एका पुस्तकात गोळा करून ते १८९१ साली फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने छापले, आणि मध्यमवर्गीय घरांतून ते पुढे घरोघर गेले. आपल्याकडेही १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ निघाले, आणि त्यात शाकाहारी पदार्थांबरोबर मांसाहारी पदार्थही आले. तात्पर्य इतकेच की, ‘इटालियन स्वयंपाक’ आणि ‘महाराष्ट्रीय स्वयंपाक’ हे दोन्ही शब्द बरेचसे अलीकडचे आहेत. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या चुली मात्र फार जुन्या.

त्या जुन्या चुलींपैकी एक आपल्या विशेष ओळखीची आहे. ती म्हणजे मेंढपाळांची. मध्य इटलीत अब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील मेंढपाळ शेकडो वर्षे शरद ऋतूत आपले कळप घेऊन दक्षिणेकडील पुल्या प्रांताच्या मैदानात उतरत, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा डोंगरावर चढत. ह्या वाटेवरील कळपांवर कर बसवण्यासाठी नेपल्सच्या राजाने १४४७ साली एक स्वतंत्र कचेरीच स्थापन केली होती, इतका तो व्यवहार मोठा होता. २०१९ साली युनेस्कोने ह्या भटक्या मेंढपाळीची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. ह्या लोकांचा एक रस्सा आजही त्या प्रांतात केला जातो. त्याच्या नावाचा अर्थ केवळ ‘कढईतली मेंढी’ असा आहे. म्हातारी झालेली, दूध आटलेली मेंढी. तिचे चिवट मांस. एक मोठे तांब्याचे भांडे. कांदा, टोमॅटो, रानातला पाला. आणि दिवसभर धुमसणारा विस्तव. आपल्या माणदेशापासून कलबुर्गीपर्यंतच्या माळांवर मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगरांना आणि कुरुबांना ह्यात नवल वाटण्याजोगे काय आहे? म्हातारे जनावर, थोडे सामान, आणि भरपूर वेळ, ह्या तीन गोष्टींतून हा पदार्थ जन्मला. तो श्रीमंतांचा नव्हे.

मांस आंबट रसात शिजवावयाचे म्हणजे काही तरी परकीय प्रकार, असेही कोणी समजू नये. दुधनीच्या ईशान्येस असलेले बसवकल्याण ही एके काळी चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील ‘अन्नभोग’ ह्या प्रकरणात मांसाच्या पदार्थांचे सविस्तर वर्णन आहे. त्या काळी ह्या भागात मिरची नव्हती आणि टोमॅटोही नव्हता. ही दोन्ही अमेरिकेतून पुढे आली. इटलीची गोष्टही तीच. फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या घरी टोमॅटोची टोपली आल्याची नोंद १५४८ सालची आहे. म्हणजे आज ज्या तांबड्या रश्शाला आपण अस्सल इटालियन म्हणतो, त्याचा तांबडेपणा तेथेही पाहुणाच आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. खाटकाकडे गेल्यावर पुष्कळ माणसे मऊ, बिनहाडाचे मांस मागतात. ह्या पदार्थास ते निरुपयोगी. खांद्याचे, मानेचे आणि नळीचे मटण मागावे. जनावराचे जे स्नायू जन्मभर राबलेले असतात, त्यांत पांढरट, चिवट पडदे फार असतात. हे पडदे कोलॅजन नावाच्या द्रव्याचे असतात. पाणी उकळीच्या जरा खालच्या उष्णतेवर दोनअडीच तास राहिले, म्हणजे हे कोलॅजन विरघळते आणि त्याचे जिलेटिन बनते. रश्शाला जो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो, तो ह्याचाच. मऊ मांसात हे द्रव्य थोडे. म्हणून ते इतका वेळ शिजवल्यास कोरडे, चोथट होते. येथे स्वस्त माल हाच उत्तम माल आहे, आणि अशी संधी गृहिणीला वारंवार येत नाही.

आठ माणसांसाठी हाडासकट एक किलो मटण घ्यावे आणि त्याच्या फोडी नेहमीपेक्षा मोठ्या, सुमारे दोन इंची करून आणाव्यात. तीन मध्यम कांदे, दोन गाजरे, मूठभर कोथिंबिरीचे कोवळे देठ, लसणाच्या दहाबारा पाकळ्या, अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, दोन तमालपत्रे, चमचाभर जाडसर कुटलेले मिरे, दोन सुक्या लाल मिरच्या, चिमूटभर ओवा, चार मोठे चमचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल, आणि चवीपुरते मीठ. शिवाय दीडशे ग्रॅम हरभरे आदल्या रात्री भिजत घालावेत आणि वेगळे, साध्या पाण्यात, मऊ शिजवून ठेवावेत. हे वेगळे शिजवणे आवश्यक आहे. कारण टोमॅटोच्या आंबटपणात कडधान्य लवकर मऊ होत नाही. ते एकदम मटणात घातले, तर मटण विरघळेल आणि हरभरा मात्र दाताखाली कडकडेल.

ओवा आणि कोथिंबिरीचे देठ ऐकून एखाद्या जाणकाराच्या भुवया उंचावतील. इटलीतील गृहिणी ह्या ठिकाणी थाइमचा पाला आणि सेलरीचे देठ वापरते, हे खरे. परंतु थाइमला ज्या थायमोल नावाच्या द्रव्यामुळे वास येतो, तेच द्रव्य आपल्या ओव्यातही आहे. आणि सेलरी, गाजर, कोथिंबीर, ओवा ही चारही वनस्पती एकाच कुळातली आहेत. तमालपत्राचेही तसेच: इटलीतील तमाल आणि आपले तमाल ही झाडे वेगळी, परंतु कूळ एक. तेव्हा बाटली मागवण्याऐवजी आपल्या डब्यातला सख्खा भाऊबंद घ्यावा. ओव्याच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा. अधिक पडल्यास रस्सा काढ्यासारखा लागेल.

राहता राहिली मदिरा. तिचे काम दोन प्रकारचे: रश्शाला आंबटपणा देणे, आणि पातेल्याच्या बुडाला धरलेला खरपूस थर सोडवणे. ह्या दोन्ही कामांसाठी आंबट द्राक्षांचा अर्धी वाटी रस पुरतो. कच्च्या द्राक्षांचा रस स्वयंपाकात वापरण्याची चाल इटलीतही पूर्वीपासून आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात तर द्राक्षबागा आहेतच. द्राक्षांचा हंगाम नसेल, तर चिंचेचा पातळ कोळ दोन चमचे घ्यावा.

मटण धुऊन, मीठ लावून अर्धा तास ठेवावे. नंतर स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे टिपून घ्यावे. जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगले तापवून त्यात फोडी परताव्यात. मात्र सर्व एकदम घालू नयेत. तीन घाण्यांत परताव्यात. पातेल्यात गर्दी झाली, की मांसाला पाणी सुटते, आणि मग ते भाजले न जाता त्या पाण्यात उकडते. प्रत्येक फोड दोन्ही अंगांनी तांबूस-तपकिरी झाली म्हणजे काढून ठेवावी. मांस असे परतल्याने त्याचा रस आत कोंडला जातो, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. लीबिग नावाच्या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे मत प्रसृत केले. ते खरे नाही. परतलेल्या मांसातूनही रस सुटतोच. परतण्याचा खरा लाभ स्वादाचा आहे. मांसातील प्रथिने आणि शर्करा ह्यांची तीव्र उष्णतेवर जी क्रिया होते, तिचे वर्णन माय्यार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. भाकरीवर उमटणारे तांबूस डाग आणि ह्या फोडींचा तांबूसपणा एकाच क्रियेचे आहेत.

त्याच तेलात बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि कोथिंबिरीचे देठ घालून आच मंद करावी. हा कांदा आपल्या नेहमीच्या मटणासारखा काळपट करावयाचा नाही. पंधरा-वीस मिनिटे तो मऊ, पिवळसर आणि गोड होऊ द्यावा. इटालियन चव म्हणून जी काही आहे, तिचा पाया ह्या वीस मिनिटांत घातला जातो. घाई केल्यास पुढे कोणत्याही मसाल्याने ती भरून येत नाही. शेवटी ठेचलेला लसूण, मिरची आणि ओवा घालून मिनिटभर परतावे. द्राक्षांचा रस ओतून बूड खरवडून घ्यावे. मग चिरलेले टोमॅटो घालून ते गळेपर्यंत शिजवावेत. आता फोडी परत घालाव्यात, तमालपत्र आणि मिरे टाकावेत, आणि फोडी जेमतेम बुडतील इतके कढत पाणी घालावे.

एक उकळी आली, की आच अगदी बारीक करावी. पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा सावकाश यावा, इतकीच. खळखळ उकळणाऱ्या रश्शात मांसाचे तंतू आवळतात आणि कोरडे पडतात. झाकण किंचित उघडे ठेवून दीड तास शिजू द्यावे. मग शिजलेले हरभरे घालून आणखी अर्धा ते पाऊण तास. बकऱ्याचे मटण सव्वादोन-अडीच तासांत होते. मेंढी वयस्क असल्यास तीन तास किंवा अधिक लागतात. फोड पळीच्या टोकाने सहज दुभंगली, की पदार्थ झाला. काळे तिखट, भाजलेले खोबरे, वाटण ह्यांपैकी काहीही घालण्याचा मोह आवरावा. हे जिन्नस उत्तम आहेत, आणि त्यांचा सोलापुरी रस्सा जगात कोणापुढेही मान खाली घालणार नाही. परंतु मग पदार्थ तो होईल, हा राहणार नाही.

इंधनाचा खर्च कोणाला जाणवेल. त्यावर दोन उपाय सांगते. पहिला, प्रेशर कुकर. देनी पापँ ह्या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली हाडे मऊ करण्यासाठीच ह्याचा पूर्वज तयार केला होता, म्हणजे आपण त्याच्या मूळ हेतूलाच धरून चालतो. परतणे आणि कांदा-टोमॅटो पूर्वीप्रमाणेच करून, पाणी थोडे कमी घालून, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. नंतर झाकण उघडून हरभरे घालावेत आणि वीस मिनिटे मंद आटवावे. दुसरा उपाय आपल्या मातीतला आहे. पातेले पूर्ण भरलेले असावे. अर्धा तास झाकण लावून चांगले उकळावे. मग झाकण न उघडता ते घोंगडीत घट्ट गुंडाळून कडब्याच्या कुट्टीने भरलेल्या खोक्यात पुरून ठेवावे. आतली उष्णता बाहेर जात नाही, आणि तीनचार तासांत मटण आपोआप शिजते. वाढण्यापूर्वी मात्र पुन्हा खळखळून उकळी आणावी, हे विसरू नये. आणि आणखी एक सावधगिरी: तांब्या-पितळेचे पातेले वापरावयाचे असल्यास त्याची कल्हई शाबूत असली पाहिजे. टोमॅटो आणि द्राक्ष ह्यांचा आंबटपणा उघड्या तांब्याला लागल्यास अन्न कळकते आणि प्रकृतीस अपाय होतो.

येथवर कृती झाली. आता वाढण्याचा प्रश्न. त्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

हा रस्सा इटलीच्या उत्तरेकडे मक्याच्या घाटीबरोबर खातात. तिला तेथे पोलेंटा म्हणतात. आज ती उपाहारगृहांतून मोठ्या कौतुकाने वाढली जाते. परंतु अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लोंबार्दी आणि व्हेनेतो ह्या प्रांतांतील गरीब शेतकरी बहुतांशी ह्या घाटीवरच जगत. मांसाचा रस्सा सणासुदीलाच मिळे, आणि तोही सर्वांना नव्हे. ह्या लोकांत एक भयंकर रोग पसरला. उन्हात कातडी खरखरीत होऊन सोलवटे, जुलाब लागत, आणि शेवटी बुद्धिभ्रंश होई. १७७१ साली फ्रापोल्ली नावाच्या मिलानच्या वैद्याने लोकांच्या तोंडचे त्याचे नाव ग्रंथात नोंदवले: पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. तो संसर्गजन्य असावा असे पुष्कळ काळ मानले जाई. १९१४ पासून अमेरिकेत डॉ. गोल्डबर्गर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, तो अपुऱ्या आहारामुळे होतो. आणि १९३७ साली एल्व्हेजेम ह्या शास्त्रज्ञाने निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, हे त्यावरील औषध असल्याचे शोधून काढले. मक्यात नायसिन असते, पण ते बांधलेले असते, शरीराला सहज मिळत नाही. आणि ज्यापासून शरीर स्वतः नायसिन बनवते, ते ट्रिप्टोफॅन नावाचे द्रव्यही मक्यात थोडेच.

दुधनीच्या घरात मका नाही, ज्वारी आहे. मग ह्या कथेशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. हैदराबादच्या पोषण-संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास असे दाखवले की, दख्खनमध्ये जे गरीब मजूर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगतात, त्यांच्यातही पेलाग्रा आढळतो. ज्वारीतील ल्यूसिन ह्या घटकाचे आधिक्य हे त्याचे कारण असावे, असे मत त्यांनी मांडले. त्या मतावर पुढे वाद झाले. परंतु मुख्य गोष्ट वादातीत आहे: एकटी भाकरी माणसाला पुरत नाही. ह्यात ज्वारीचा दोष मुळीच नाही. भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध, आणि विशेषतः शेंगदाणा असला, की ती उत्तम अन्न होते. शेंगदाण्यात नायसिन विपुल असते. सोलापूरकडे भाकरीबरोबर शेंगांची चटणी हवीच, असा जो रिवाज आहे, त्याला कोणी शास्त्र शिकवले नव्हते. पण शास्त्र त्याच्या बाजूचे निघाले.

आणि आता ज्यासाठी मी हे सर्व सांगितले, ते सांगते. आपल्या पुष्कळ घरांतून मटणाच्या दिवशी पानात काय दिसते? प्रथम पुरुष आणि मुले जेवतात. फोडी बहुतेक त्यांच्या पानात जातात. मागाहून बायका बसतात, आणि त्यांच्या वाटणीस पातेल्याच्या तळाचा रस्सा आणि एखादे हाड येते. ‘सगळा कस रश्शातच उतरलेला असतो,’ असे म्हणून आपण समाधान मानतो. आणि म्हणणारी बहुधा घरातली वडीलधारी बाईच असते. रस्सा जितका दाट आणि रुचकर, तितके हे समाधान पटण्याजोगे वाटते. आज सांगितलेला रस्सा तर फारच दाट आणि रुचकर होतो. म्हणून इशारा देणे अवश्य आहे.

ते म्हणणे कितपत खरे? नायसिन पाण्यात विरघळते आणि शिजवल्याने नाश पावत नाही; त्याचा बराच अंश रश्शात उतरतो, हे खरे आहे. परंतु रश्शाचा दाटपणा ज्या जिलेटिनमुळे येतो, त्यात ट्रिप्टोफॅन अजिबात नसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून काढलेल्या जिलेटिनचे सार इस्पितळांतील गरिबांना देण्याचा पुरस्कार केला होता. ते स्वस्त होते, घट्ट होते, आणि पौष्टिक दिसे. पुढे शास्त्रज्ञांच्या मंडळाने कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले, आणि माजँदी यांनी १८४१ साली त्याचा अहवाल दिला: केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. दाट दिसणारे अन्न आणि पुरे पडणारे अन्न ह्या दोन गोष्टी आहेत. मांसातील पूर्ण प्रथिने आणि बहुतेक लोह फोडीतच राहते.

लोहाची गोष्ट तर आपल्या देशात अधिकच गंभीर आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, आणि एका पातेल्याने ती दूर होणार नाहीत. तथापि ज्या घरात मटण शिजते, त्या घरात तरी जिला लोहाची सर्वांत अधिक गरज आहे, तिलाच लोहाचा अंश सर्वांत कमी मिळावा, हे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही.

म्हणून कृतीची शेवटची पायरी ही: पातेले उतरल्यावर अर्धा तास निवू द्यावे, म्हणजे फोडी रस थोडा परत शोषतात आणि वर आलेली चरबी काढता येते. मग कोणाचेही पान वाढण्यापूर्वी फोडी मोजाव्यात. एक किलोच्या दोन इंची फोडी साधारण वीस-चोवीस भरतात; म्हणजे माणशी अडीच-तीन. जे मागाहून जेवणार, त्यांचा वाटा रश्शासकट आधी वेगळ्या भांड्यात काढून झाकून ठेवावा, आणि मगच पंगत बसवावी. इतके केले, की पुढे कोणी कितीही आग्रह केला, तरी तो आग्रह उरलेल्या रश्शावर आणि हरभऱ्यावर भागतो. आणि सर्वांनी एकत्रच बसून जेवावयाचे ठरवले, तर मोजण्याचेही कारण उरत नाही.

ह्या हिशेबात हरभऱ्यालाही मोठे स्थान आहे. एक किलो मटण आठ माणसांना तसे बेताचेच. दीडशे ग्रॅम हरभरे शिजून त्याला भर देतात, आणि स्वतःची प्रथिनेही घालतात. दुधनीसारख्या गावात मांस न खाणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांना ही कृती संपूर्ण मोकळी आहे. मटणाऐवजी चारशे ग्रॅम हरभरे भिजवून, वेगळे मऊ शिजवून घ्यावेत. कांदा-गाजराचा पाया तसाच घालावा. शेवटी दोन मोठे चमचे शिजलेली तुरीची डाळ घोटून मिळवावी, म्हणजे जिलेटिनवाचूनही रश्शाला अंग येते. अब्रुत्सोच्या डोंगरातही हरभऱ्याचे असे रस्से होतात, तेव्हा ह्यासही इटालियन म्हणण्यास हरकत नाही.

बरोबर ज्वारीची गरम भाकरी असावी. उन्हाळ्यात कडक भाकरी चुरून वर रस्सा घातला, तर तो तिच्यात असा मुरतो की, पोलेंटाची आठवणही होऊ नये. रस्सा उरलाच, तर दोन तासांच्या आत थंड करून शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळून घ्यावा. दुसऱ्या दिवशी तो अधिक चांगला लागतो, हा सर्व देशांतील गृहिणींचा अनुभव आहे.

श्रोतेहो, इटलीच्या डोंगरातील मेंढपाळ आणि आपल्या माळावरील धनगर ह्यांची कधी गाठ पडली नाही. तरीही चिवट मांस, मंद विस्तव आणि धीर ह्यांतून दोघांनीही एकच विद्या मिळवली. ती विद्या आपल्या स्वयंपाकघरात सहज उतरण्यासारखी आहे. तिला परदेशी बाटल्यांची गरज नाही. गरज आहे ती अडीच तास वेळेची, आणि वाढताना फोडी मोजणाऱ्या एका समदृष्टी हाताची. येत्या बाजाराच्या दिवशी खांद्याचे मटण आणावे, आदल्या रात्री हरभरे भिजत घालावेत, आणि पहिले पान वाढण्यापूर्वी शेवटच्या पानाची तरतूद करावी, इतकी विनंती करून मी आपली रजा घेते.